कळसूत्र आणि वचन : विज्ञानकथेतील यंत्रमानव व मानव

'कळसूत्री बाहुली' हा शब्दप्रयोग मराठीत बाहुलीपेक्षा माणसालाच अधिक लावला जातो. लाकडाची बाहुली कळसूत्री असते ह्यात नवल नाही. परंतु एखादा राजा, एखादा मंत्री कळसूत्री आहे असे म्हटले, की त्या शब्दाला धार चढते. त्यातील 'सूत्र' हे पद द्व्यर्थी आहे. सूत्र म्हणजे बाहुली नाचविणारा दोरा, आणि सूत्र म्हणजे अल्पाक्षरांत बांधलेला नियमही. दोरा शरीराला ओढतो; नियम बुद्धीला उद्देशून असतो, तो समजून घ्यावा लागतो, त्याचा अर्थ लावावा लागतो. विसाव्या शतकातील विज्ञानकथेने नियंत्रणाचा प्रश्न कसा हाताळला हे ह्या दोन अर्थांच्या आधारे पाहिले असता एक विलक्षण उलटापालट दृष्टीस पडते. यंत्राच्या वाट्याला दोरा यावा आणि माणसाच्या वाट्याला नियम, अशी सामान्य अपेक्षा असते. ह्या कथांत यंत्रमानवाला वचन मिळाले. माणसाला मिळाली ती सुई, शस्त्रक्रिया आणि विजेचा झटका.

हा इतिहास ज्या नाटकापासून सुरू होतो, त्यात ही वाटणी अद्याप झालेली नाही. कारेल चापेक ह्या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. 'रोबोट' हा शब्द जगाला ह्या नाटकाने दिला. तो सुचविला मात्र कारेलचा चित्रकार भाऊ योसेफ ह्याने, हे चापेकने स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करावयाची सक्तीची मजुरी. बोहेमियातील ही प्रथा १८४८ मध्ये कायद्याने संपली. भारतीय वाचकाला ह्या शब्दाचे भाषांतर शोधण्यास दूर जावे लागत नाही. 'वेठ' आणि 'वेठबिगार' हे शब्द त्याच्या भाषेत आहेत, आणि वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा भारतात १९७६ पर्यंत यावयाचा होता. मराठीने 'यंत्रमानव' हा शब्द घडविला. तो सुबक आहे, परंतु त्यात यंत्र आले, मानव आला, आणि वेठ तेवढी गळाली. चापेकच्या नाटकाचे मर्म नेमके त्या गळालेल्या भागात आहे.

चापेकचे रोबोट धातूचे नाहीत. ते एका जैव द्रव्यापासून बनतात. त्यांच्या शिरा व मज्जातंतू कारखान्यात सुतासारखे कातले जातात. लोखंडी यंत्रमानवाची प्रतिमा आपल्या नाटकावर लादली गेली, ह्याविषयी चापेकने १९३५ मध्ये वृत्तपत्रातून तक्रारही केली होती. कारखान्याचा व्यवस्थापक डोमिन पाहुणी आलेल्या हेलेनाला रोबोटची उत्पत्ती सांगतो, तेव्हा तो यंत्रात काय घातले ह्यापेक्षा माणसातून काय काढले हेच सांगत असतो. माणसाला आनंद होतो, त्याला सारंगी वाजवावीशी वाटते, फिरावयास जावेसे वाटते. कामगाराला ह्यांतील कशाचीच गरज नसल्याने धाकट्या रोसुमने ते सारे वगळले. चापेकच्या रोबोटला कोणी नियम दिलेले नाहीत. त्याच्यावरील नियंत्रण हे वजाबाकीने साधलेले आहे. जे हवेसे वाटूच शकत नाही, त्याची मनाई करावी लागत नाही.

परंतु वजाबाकी पुरी पडत नाही, आणि नाटककाराची प्रतिभा येथेच दिसते. वेदना नसल्यामुळे रोबोट आपले हात यंत्रात घालून मोडून घेतात. कारखान्याचे नुकसान होते. म्हणून डॉक्टर गाल त्यांच्यात वेदनेच्या नसा बसवू पाहतो. करुणेचा येथे संबंध नाही. मालाची नासधूस थांबवावयाची आहे. शिवाय अधूनमधून एखाद्या रोबोटला झटका येतो. तो हातातले काम टाकून देतो, दात खातो, आणि मग त्याला मोडीत काढले जाते. डोमिनच्या मते हा कारखानदारीतील दोष. हेलेनाला तो आत्म्याचा अंकुर वाटतो. ह्या दोन वाचनांपैकी एकाची निवड नाटक करीत नाही, हे त्याचे मोठेपण.

पुढे बंडाची बातमी येते, आणि धोका टळला अशा भ्रमात असलेला डोमिन आपली नवी योजना सांगतो. ह्यापुढे एकच जागतिक कारखाना नको. प्रत्येक देशात निराळा कारखाना काढावा, निराळ्या वर्णाचे, निराळ्या केसांचे, निराळी भाषा बोलणारे रोबोट बनवावेत, म्हणजे ते एकमेकांना परके राहतील, एकमेकांचे बोलणे त्यांना कळणार नाही आणि ते एकमेकांचा द्वेष करतील. नाटकातील ही काही क्षणांची गोष्ट. प्रयोगात ती सहज निसटून जाते, आणि समीक्षकांचे लक्षही बहुधा शेवटच्या अंकातील रोबोट-युगुलाच्या प्रेमाकडे वळलेले असते. ते प्रेम काहीसे गोड आहे. डोमिनची योजना अधिक खरी आहे. वजाबाकी, वेदना आणि शेवटी भाषा, अशा नियंत्रणाच्या तीन पायऱ्या चापेकने एका नाटकात दाखविल्या. पुढील साठ-पासष्ट वर्षांच्या वाङ्मयाने त्या निरनिराळ्या दिशांना नेल्या.

त्याच सुमारास, १९२० व १९२१ मध्ये, रशियात येव्गेनी झाम्यातिन 'आम्ही' ही कादंबरी लिहीत होता. झाम्यातिन जहाजबांधणीचा अभियंता; महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या हिमभेदक जहाजांवर त्याने देखरेख केली होती. त्याच्या मायदेशाने त्याची कादंबरी छापली नाही. ती प्रथम १९२४ मध्ये इंग्रजी भाषांतरात वाचकांपुढे आली, आणि सोव्हिएट भूमीवर मूळ रशियनमध्ये ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. तिच्यातील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यांचा दिवस सर्वांना समान अशा वेळापत्रकाने बांधलेला आहे. कारखान्यातील कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा अमेरिकन अभियंता टेलर हा त्या राज्याचा जणू प्रेषित. परंतु वेळापत्रक मोडता येते, आणि नायक ते मोडतो. मग राज्य शस्त्रक्रियेकडे वळते. मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र किरणांनी जाळून टाकले जाते, आणि ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम होते तिचा छळ नायक निर्विकारपणे पाहत बसतो. धाकट्या रोसुमने माणसातून वजाबाकी करून रोबोट केला; झाम्यातिनच्या राज्याने तेच गणित नागरिकावर केले. ह्या दोन लेखकांच्या मते मानव आणि रोबोट ह्यांच्यातील अंतर एका शस्त्रक्रियेइतकेच आहे.

आल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये, म्हणजे १९३२ मध्ये, शस्त्राची जागा शिक्षणाने घेतली. हे शिक्षण पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतून आलेले आहे. खालच्या जातीच्या आठ महिन्यांच्या अर्भकांपुढे रंगीत पुस्तके आणि गुलाब ठेवतात. ती रांगत जवळ गेली की कर्कश भोंगे वाजतात आणि जमिनीतून विजेचा झटका बसतो. पुस्तक व फूल ह्यांविषयीची किळस अशा रीतीने जन्मभरासाठी बसविली जाते. तथापि ह्याहून सूक्ष्म आहे ते निद्राशिक्षण. हक्सलीने त्याची गंमतीची पूर्वकथा दिली आहे : झोपेत नाईल नदीविषयीचे वाक्य ऐकविलेला मुलगा सकाळी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवितो, पण आफ्रिकेतील सर्वांत लांब नदी कोणती असे विचारले तर त्याला उत्तर देता येत नाही. घोकंपट्टीच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय वाचकाला ह्या मुलाची ओळख करून देण्याची गरज नाही. हक्सलीच्या राज्यकर्त्यांनी ह्या अपयशातून काढलेला निष्कर्ष भयंकर आहे. निद्राशिक्षणाने ज्ञान देता येत नाही, पण नीती देता येते. कारण त्यांच्या दृष्टीने नीती समजून घ्यावयाची नसतेच. येथे शब्द वापरले जातात खरे, पण शब्द म्हणून नव्हे. दगडावर थेंब पडत राहावेत तसे ते मनावर पडत राहतात. वचनाचाच येथे दोरा झाला आहे.

ह्याच्या नेमकी विरुद्ध घटना दहा वर्षांनंतर अमेरिकेतील एका स्वस्त मासिकात घडली. आयझॅक आसिमॉव्हची 'रनअराउंड' ही कथा 'अस्टाउंडिंग'च्या मार्च १९४२ च्या अंकात आली आणि तिच्यात यंत्रमानवाचे तीन नियम प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडले गेले. यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, स्वस्थ राहून इजा होऊही देऊ नये. ह्याला बाध न येईल तेथवर माणसाची आज्ञा पाळावी. आणि ह्या दोहोंना बाध न येईल तेथवर स्वतःला जपावे. हे नियम प्रथम संपादक जॉन कॅम्पबेलने मांडले असे आसिमॉव्ह म्हणे, आणि आपण ते आसिमॉव्हच्याच कथांतून वेचले असे कॅम्पबेल म्हणे. श्रेय परस्परांना देण्याचा असा वाद वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच.

ह्या नियमांची रचना भारतीय शास्त्रांच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. नियमांत विरोध आला तर कोणता बलवान, हे ठरविल्यावाचून नियमसंग्रहाचे शास्त्र होत नाही. पाणिनीच्या व्याकरणात दोन तुल्यबल सूत्रांत विरोध आला असता नंतरचे सूत्र प्रभावी ठरते, आसिमॉव्हकडे आधीचे. मीमांसकांनी बाध्यबाधकभावाची जी चर्चा केली, तिच्याशी ह्या कथांचे नाते एखाद्या साहसकथेपेक्षा जवळचे आहे. 'रनअराउंड'मधील प्रसंगच पाहावा. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणण्यास पाठविले आहे. आज्ञा सहज, जोर न देता दिलेली. स्पीडी महागडा असल्याने त्याचा आत्मरक्षणाचा नियम मुद्दाम तीव्र केलेला. आणि सेलेनियमच्या साठ्याजवळ त्याला धोका. जवळ जावे तर तिसरा नियम मागे ढकलतो, दूर जावे तर दुसरा पुढे ओढतो. जेथे दोहोंचे बळ समान होते, त्या अंतरावर स्पीडी मद्यप्यासारखा बरळत साठ्याभोवती प्रदक्षिणा घालीत राहतो. अखेर पॉवेल स्वतःचा जीव धोक्यात घालून पहिल्या नियमाला हाक देतो, तेव्हा त्याची सुटका होते.

आज ज्याला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात, तो शब्द ह्या अर्थाने तेव्हा रूढ नव्हता. 'एनिअ‍ॅक' हे यंत्र १९४६ मध्ये जगापुढे आले, आणि त्याला काम सांगावयाचे म्हणजे तारांची जोडणी व कळा बदलाव्या लागत; तेथे सूत्र हे अक्षरशः सूतच होते. स्वतःच्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली चालविणारे यंत्र मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी प्रथम चालले. म्हणजे वाक्यांनी बांधलेल्या यंत्राची कल्पना कथेने प्रत्यक्ष यंत्राच्या आधी केली. अर्थात वाक्य हे यंत्राच्या मेंदूत नेमके कसे उतरते, हे आसिमॉव्ह सांगत नाही. त्याचा 'पॉझिट्रॉनिक मेंदू' हा एक सोयीचा पडदा आहे. शास्त्र म्हणून ही उणीव मोठी आहे. कथेला तिने फायदाच झाला, कारण नियम वाक्यरूप राहिला म्हणूनच त्यात संदिग्धता राहिली, आणि संदिग्धता राहिली म्हणून कथा राहिली.

१९४७ मधील 'लिटल लॉस्ट रोबोट' हे ह्याचे उत्तम उदाहरण. काम सुलभ व्हावे म्हणून काही यंत्रमानवांच्या पहिल्या नियमातील 'स्वस्थ राहून इजा होऊ देऊ नये' हे उपवाक्य गुपचूप गाळलेले आहे. अशा एका यंत्रमानवाला वैतागलेला तंत्रज्ञ शिव्या हासडून सांगतो, की तोंड काळे कर. यंत्रमानव आज्ञा पाळतो. आपल्यासारख्याच बासष्ट यंत्रमानवांत मिसळून तो दिसेनासा होतो. एक गाळलेले उपवाक्य आणि एक शब्दशः घेतलेला वाक्प्रचार : कथेतील सारे संकट व्याकरणातून उद्भवले आहे. 'लायर!' ह्या १९४१ च्या कथेतील हर्बीला माणसांची मने वाचता येतात. सत्य सांगितले तर मन दुखावते, ही त्याच्या लेखी इजाच. म्हणून तो प्रत्येकाला हवे ते सांगतो. सत्याने दुःख आणि असत्यानेही दुःख, असा पेच सुझन कॅल्व्हिन त्याच्यापुढे उभा करते तेव्हा त्याचा मेंदू कायमचा ढासळतो. ह्या स्थितीला मराठीत धर्मसंकट म्हणतात. चापेकच्या रोबोटला वेदना दिली गेली; आसिमॉव्हच्या यंत्रमानवाला धर्मसंकट मिळाले, आणि त्यामुळे तो पात्र झाला. ह्या कथांतील माणसे मात्र बहुतेक ठिकाणी कोडे सोडविणारी बोटे म्हणूनच वावरतात.

मग माणसाच्या वाट्याला काय आले? कोरियातील युद्धाच्या काळात, १९५० पासून, अमेरिकन वृत्तपत्रांतून 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द पसरला. रिचर्ड काँडनच्या १९५९ मधील 'द मँचुरियन कँडिडेट'मध्ये युद्धकैदी म्हणून पकडलेल्या सैनिकाचे मन असे घडविले जाते, की पत्त्यांतील चौकटची राणी दिसताच तो सांगितलेली हत्या करील आणि नंतर त्याला काही आठवणार नाही. स्पीडीला दिलेल्या आज्ञेत अर्थ होता. चौकटच्या राणीत काहीच अर्थ नाही. ती कळ आहे. कादंबरी म्हणून हे पुस्तक सामान्यच, पण ह्या प्रतिमेमुळे ते टिकले.

अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही १९६२ मधील कादंबरी ह्या धारेतील श्रेष्ठ कृती होय. 'ओरांग' म्हणजे मलाय भाषेत माणूस, आणि बर्जेसने मलायात काही वर्षे अध्यापन केले होते. तेव्हा शीर्षकाचे एक भाषांतर 'कळसूत्री माणूस' असे करता येईल. अ‍ॅलेक्स हा क्रूर तरुण तुरुंगात असताना त्याला औषध टोचून हिंसेचे चित्रपट दाखवितात. औषधाने येणारी मळमळ हिंसेशी जोडली जाते, आणि पुढे हिंसेचा विचार मनात आला तरी त्याला ओकारी येते. चित्रपटांना जोडलेले संगीत बेथोव्हेनचे होते, म्हणून तेही त्याच्यापासून हिरावले जाते. हा उपसर्ग कोणी योजलेला नव्हता. दोऱ्याला अर्थ कळत नसल्याने त्याला नको ते आणि हवे ते ह्यांत भेद करता येत नाही. तुरुंगातील धर्मगुरूच एकटा विचारतो, की जो निवडू शकत नाही त्याच्या चांगुलपणाला चांगुलपणा म्हणावे काय. हा प्रश्न धर्माचा आहे तितकाच साहित्यशास्त्राचाही. निवड नसेल तर कृती नाही, केवळ हालचाल आहे. आणि हालचालींचे नाटक होत नाही. बर्जेसने ही अडचण ओळखली होती. शेवटच्या, एकविसाव्या प्रकरणात अ‍ॅलेक्स वयानुसार आपणहून हिंसेला विटतो. अमेरिकन प्रकाशकाने ते प्रकरण गाळले आणि तेथील वाचकांना ते १९८६ पर्यंत मिळाले नाही. गाळलेल्या आवृत्तीत अ‍ॅलेक्सचा एक दोरा काढून जुना दोरा बांधला जातो, इतकेच घडते. एका प्रकरणाच्या छाटणीने कादंबरीतील माणूसच छाटला गेला. शिवाय अ‍ॅलेक्सच्या निवेदनातील रशियन-मिश्रित बोली वाचकाला कोणी शिकवीत नाही, आणि तरी चार प्रकरणांनंतर ती त्याला येऊ लागते. वाचकाचेही नकळत प्रशिक्षण व्हावे, हा बर्जेसचा हेतूच होता.

ही उलटापालट योगायोगाने घडलेली नाही. माणसाला दिलेली आज्ञा तो नाकारू शकतो. नकाराची शक्यताच नष्ट करावयाची तर भाषेच्या खाली, जेथे तो नाही म्हणू शकत नाही अशा ठिकाणी, म्हणजे आतड्यात आणि मज्जातंतूत उतरावे लागते. यंत्रमानवाच्या बाबतीत लेखकाची गरज उलट होती. त्याला मन दाखवावयाचे, तर प्रथम त्याला असे काही द्यावयास हवे होते की ज्याचा अर्थ लावता येईल. भय जेथे आहे तेथे दोरा येतो. सहानुभूती जेथे हवी तेथे वचन येते. १९६८ मधील '२००१ : अ स्पेस ओडिसी' ह्या क्लार्क व कुब्रिक ह्यांच्या कृतीतील हाल ह्या गणकयंत्राविषयी वाचकाला जी कणव वाटते, तिचे कारण हेच. क्लार्कच्या कादंबरीनुसार सत्य कथन हा त्याचा स्वभाव, आणि मोहिमेचा खरा उद्देश सहप्रवाशांपासून लपविण्याची त्याला आज्ञा. तो खुनी होतो, परंतु त्याआधी तो खोटे बोलण्यास भाग पाडलेला एक सत्यवचनी असतो.

फिलिप डिकने १९६९ मधील 'द इलेक्ट्रिक अँट' ह्या कथेत ही वाटणीच मोडून टाकली. अपघातानंतर गार्सन पूलला कळते, की आपण माणूस नसून यंत्र आहोत, आणि आपल्या छातीत फिरणारी छिद्रांकित फीत हेच आपले जग आहे. तो त्या फितीला छिद्रे पाडून पाहतो, शेवटी ती कापतो. येथे नियंत्रित आणि नियंता एकच झाले आहेत. पण फीत संपताच केवळ तो नव्हे, त्याच्याजवळची स्त्रीही विरू लागते.

भारतीय भाषांत ह्या प्रश्नाला एक निराळेच वळण मिळाले. सत्यजित राय ह्यांच्या 'अनुकूल' ह्या बंगाली कथेत निकुंजबाबू घरकामासाठी भाड्याने यंत्रमानव आणतात. कंपनीच्या दोन अटी आहेत : त्याला मारावयाचे नाही, आणि त्याला 'तुई' न म्हणता 'तुमि' म्हणावयाचे. तिन्ही नियमांचा रोख येथे उलट फिरला आहे. नियम मालकाला घातलेले आहेत, आणि त्यांतील एक नियम सर्वनामाचा आहे. ज्या समाजात नोकराची पायरी एका सर्वनामाने ठरते, तेथील लेखकालाच हे सुचावे. निकुंजबाबूंचे काका अनुकूलला थप्पड मारतात, आणि त्याच्या बोटातील विजेच्या धक्क्याने प्राणाला मुकतात. काकांची इस्टेट निकुंजबाबूंना मिळते. राय ह्यांनी ही कथा इतक्या हलक्या हाताने लिहिली आहे, की तिच्यात विजेचा झटका प्रथमच नोकराच्या हाती गेला, हे वाचकाच्या उशिराच लक्षात येते.

स्वतः आसिमॉव्ह १९८५ मध्ये 'रोबोट्स अँड एम्पायर' ह्या कादंबरीत आपल्या नियमांकडे पुन्हा वळला. मानवजातीच्या हितासाठी त्याने पहिल्याच्याही आधी एक शून्यावा नियम घातला. त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच कादंबरीतील दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. सोलारिया ह्या ग्रहावरील माणसे निघून गेली आहेत, यंत्रमानव मागे राहिले आहेत, आणि तेथे उतरणाऱ्या नौका नष्ट होत आहेत. पहिला नियम शाबूत आहे. त्यातील एक अक्षरही कोणी बदललेले नाही. बदलली आहे ती 'माणूस' ह्या शब्दाची व्याख्या. जो सोलारियाच्या उच्चारलकबीने बोलतो तोच माणूस, असे त्या यंत्रमानवांना शिकविलेले आहे. सोलारियात जन्मलेली आणि दीर्घकाळ बाहेर राहिलेली ग्लाडिया तेथे परतते, तेव्हा जीव वाचविण्यासाठी तिला आपले जुने उच्चार जिभेवर परत आणावे लागतात. रोबोट एकमेकांना परके राहावेत म्हणून त्यांना निरनिराळ्या भाषा देऊ पाहणाऱ्या डोमिनची योजना पासष्ट वर्षांनी अशी पुरी झाली. फरक इतकाच, की आता परीक्षा माणसाची आहे, आणि ती घेणारा रोबोट आहे.